कॉर्डोमा: कवटीचा तळ, मणके आणि माकडहाडातला दुर्मीळ कर्करोग

त्रिकास्थी

दहावीच्या विज्ञानात 'समपृष्ठरज्जू' प्राणी शिकवतात. गर्भात पाठीच्या मध्यरेषेवर एक लवचीक दोरी तयार होते, ती पृष्ठरज्जू म्हणजे नोटोकॉर्ड. (चेतारज्जू वेगळा, तो मज्जासंस्थेचा. ही गल्लत रिपोर्ट वाचताना फार होते.) माणसात या दोरीभोवती मणके घडतात आणि मग ती विरून जाते. तिच्या काही पेशी मात्र हाडात अडकून राहतात, जास्त करून दोरीच्या दोन टोकांना: वर कवटीच्या तळाशी क्लायव्हस नावाच्या हाडात, खाली त्रिकास्थी (कंबरेखालचं, माकडहाडाच्या वरचं तिकोनी हाड) आणि माकडहाडात. काही दशकांनी या पेशींतून उगवणारी गाठ म्हणजे कॉर्डोमा. दर वर्षी दहा लाख लोकांमागे साधारण एक. म्हणजे गावातल्या डॉक्टरला आख्ख्या कारकिर्दीत एकही रुग्ण दिसला नाही, तर त्यात त्याचा दोष नाही.

मराठीत यावर सलग माहिती नाही म्हणून धागा काढतोय. मी खालच्या टोकाचं लिहितो, वरच्या टोकाचं आणि किरणोपचारांचं जाणकारांनी लिहावं.

त्रिकास्थीची गाठ पुढच्या बाजूला, ओटीपोटाच्या पोकळीत वाढते. तिथे जागा भरपूर असल्यामुळे ती मुठीएवढी होईपर्यंत माणूस फक्त 'बसलं की माकडहाड दुखतं' एवढंच सांगतो. त्यावर मग गोल उशी, गोळ्या, इंजेक्शन. पुढे बद्धकोष्ठता, लघवीला जोर करावा लागणं, बैठकीच्या जागी बधिरपणा. साध्या एक्स-रेमध्ये आतड्यातल्या वायूची सावली नेमकी या हाडावर पडते आणि गाठ लपते. आणखी एक सापळा असा की कंबरेचा नेहमीचा एमआरआय बरेचदा त्रिकास्थीच्या वरच्या दोन भागांपाशीच संपतो. रिपोर्ट 'किरकोळ चकती सरकली आहे' असा येतो, आणि खरी गाठ चित्राच्या चौकटीबाहेर राहते. म्हणून चिठ्ठीवर 'कंबर' न लिहिता 'त्रिकास्थी आणि माकडहाडासह ओटीपोट' असं लिहून घ्यावं. बिनखर्चाची तपासणी म्हणजे गुदद्वारातून बोटाने तपासणं. खालच्या त्रिकास्थीची बहुतेक गाठ मागच्या भिंतीबाहेर टणक लागते. ही तपासणी संकोचापोटी टळते, बाकी काही नाही.

आता या धाग्यातलं सगळ्यात महत्त्वाचं: हाताला गाठ लागली की कुणीतरी गुदद्वारातूनच सुई घालून तुकडा काढतो. असं कधीही करू देऊ नका. गाठ आतड्याच्या भिंतीला चिकटलेली नसते, मध्ये एक पडदा असतो. सुईने तो फाटला की गाठीच्या पेशी आतड्यापर्यंत पोचतात आणि मग शस्त्रक्रियेत चांगलं आतडंही काढावं लागतं. तुकडा मागून, मध्यरेषेजवळून, सीटी बघत घ्यायचा. सुईची वाट पुढच्या शस्त्रक्रियेच्या चिऱ्यात यायला हवी, म्हणजे ती गाठीबरोबरच कापून काढता येते. त्यासाठी सुई कुठून जाणार हे शस्त्रक्रिया करणाऱ्यानेच ठरवावं.

निळी शाई

उत्तम धागा. एक शंका. आपल्याकडे मणका झिजलेला दिसला की आधी क्षयाचा संशय येतो आणि तो बहुतेक वेळा खराही ठरतो. मग चार औषधं सुरू होतात. कॉर्डोमा यातून वेगळा कसा काढायचा?

त्रिकास्थी

एमआरआयवर बराच फरक दिसतो, पण शंभर टक्के नाही. क्षय बहुधा दोन शेजारचे मणके आणि मधली चकती एकत्र धरतो. कॉर्डोमा सहसा एकाच मणक्याच्या मुख्य भागातून सुरू होतो, चकती बराच काळ शाबूत राहते. टी-२ चित्रात (एमआरआयचा एक प्रकार) कॉर्डोमा पाण्यासारखा पांढराशुभ्र दिसतो. गळूही तसंच दिसतं, पण शिरेतून रंगद्रव्य दिल्यावर गळूची फक्त कडा उजळते आणि कॉर्डोमात आतवर मधाच्या पोळ्यासारखी जाळी उजळते. अर्थात मोठी झालेली गाठ चकती ओलांडून शेजारच्या मणक्यातही जाते, त्यामुळे चित्रावर पैज लावू नये. पुराव्याशिवाय क्षयाची औषधं चालू केली आणि सहा-आठ आठवड्यांत वेदना आणि चित्र दोन्ही तसंच राहिलं, तर औषधं बदलत बसण्यापेक्षा तुकडा तपासा.

काचपट्टी

तुकडा काढल्यावर प्रयोगशाळेत काय होतं, हे लिहिते. कारण घोटाळे तिथेही होतात.

सूक्ष्मदर्शकाखाली चिकट, निळसर गरात ओळीने बसलेल्या पेशी दिसतात. त्यांच्या पोटात बुडबुडे भरलेले असतात. फिरखोने १८५७ मध्ये या पेशींना 'बुडबुडे वाहणाऱ्या' अशा अर्थाचं ग्रीक नाव दिलं, तेच आजही चालतं. पण नुसत्या रूपावर थांबू नये, कारण कवटीच्या तळाशी होणारा कूर्चेचा सार्कोमा (कूर्चेच्या पेशींचा कर्करोग) हुबेहूब असा दिसू शकतो. दोघांचा पुढचा प्रवास फार वेगळा आहे, कूर्चावाला बराच सौम्य. निकाल लागतो तो ब्रॅक्युरी या प्रथिनाच्या रंगचाचणीवर. नोटोकॉर्ड घडवणारं हेच प्रथिन; कॉर्डोमात पेशींची केंद्रकं तपकिरी होतात, कूर्चेच्या सार्कोमात होत नाहीत. सोबत सायटोकेरॅटिन, ईएमए, एस-१०० आणि आयएनआय-१ या प्रथिनांच्या चाचण्याही मागाव्यात. एस-१०० दोन्हींत येऊ शकतं, म्हणून एकट्या त्याच्यावर भिस्त नको.

आता घोटाळा. तुकड्यात हाड असेल तर ते मऊ करण्यासाठी आम्लात ठेवतात. तीव्र आम्लात तुकडा जास्त वेळ राहिला की ब्रॅक्युरीची चाचणी खोटी 'नाही' येते. जनुकीय चाचणीसाठीही तो तुकडा निकामी होतो. उपाय सोपा आहे. मऊ गर वेगळा काढून आम्लात न घालता थेट मेणात बसवायचा आणि हाडाच्या भागासाठी आम्लाऐवजी ईडीटीए हे सौम्य रसायन वापरायचं. वेळ जास्त लागतो, पण चालतं. तुकडा पाठवतानाच अर्जावर 'कॉर्डोमाचा संशय' असे दोन शब्द लिहिले तर आमच्याकडचा माणूस सावध होतो.

प्रकार थोडक्यात: नेहमीचा, कूर्चेसारखा भाग असलेला (तोही कॉर्डोमाच, कवटीत जास्त), बिघडून वेगवान झालेला, आणि आयएनआय-१ हरवलेला अल्पविकसित प्रकार, जो लहान मुलांत आणि तरुणांत दिसतो. शेवटचे दोन आक्रमक. रिपोर्टात आयएनआय-१ चा उल्लेख नसेल तर तो मागून घ्या, पुढच्या औषधांचा विचार त्यावर फिरतो.

दुसरीकडे मत घ्यायचं तर काचपट्ट्या आणि मेणाचे ठोकळे दोन्ही मागा. ठोकळ्यातून नवे पातळ काप घेऊन चाचण्या पुन्हा करता येतात.

भोलानाथ

एमआरआयच्या रिपोर्टात 'नोटोकॉर्डच्या पेशींचा सौम्य अर्बुद' असं आलं तर? ही कॉर्डोमाची पहिली पायरी समजायची का?

काचपट्टी

घाबरू नका आणि शस्त्रक्रियेलाही धावू नका. या गाठीत हाड कुरतडलं जात नाही, उलट थोडं दाट होतं. रंगद्रव्याने ती उजळत नाही आणि हाडाबाहेर येत नाही. क्लायव्हसच्या मागे, मेंदूच्या बाजूला असाच एक निरुपद्रवी अवशेष काही जणांत असतो. दोन्हींत फक्त ठरावीक काळाने एमआरआय. अशा निरुपद्रवी डागापायी मोठी शस्त्रक्रिया होणं हाही अनर्थच.

दुर्बीण

आता वरचं टोक. क्लायव्हस म्हणजे नाकाच्या अगदी मागे, मेंदूच्या देठापुढची हाडाची उतरंड. गाठ वाढली की पहिला मार बहुतेकदा सहाव्या मज्जातंतूला बसतो. हा तंतू डोळा बाहेरच्या बाजूला वळवतो. एकाच्या दोन वस्तू शेजारी-शेजारी दिसतात, लांबचं बघताना जास्त. एक डोळा झाकला की दुसरी प्रतिमा जाते. एक डोळा झाकूनही दोन दिसत असतील तर दोष त्या डोळ्यातच असतो. चष्म्याचा नंबर बदलूनही दुहेरी दिसणं गेलं नाही तर मेंदूचा एमआरआय हवाच. खालच्या क्लायव्हसची गाठ आवाज, गिळणं आणि जीभ बिघडवते.

शस्त्रक्रिया आता बहुतेक वेळा नाकातून दुर्बिणीने होते. गाठ मध्यरेषेवर असते आणि महत्त्वाचे तंतू तिच्या बाजूला व मागे, म्हणून समोरून जाणं सोयीचं. इथे त्रिकास्थीसारखी गाठ अख्खी, कवचासकट काढता येत नाही. तुकड्या-तुकड्यानेच निघते. भोवतालचं हाडही खरवडून काढावं लागतं, कारण पेशी दिसणाऱ्या कडेच्या पुढे हाडात शिरलेल्या असतात. दोन्ही बाजूंना मेंदूला रक्त नेणाऱ्या कॅरोटिड धमन्या. त्यांना चिकटलेला शेवटचा तुकडा ओढण्यापेक्षा सोडावा, हा निर्णय टेबलावर घ्यावा लागतो. सोडलेला तुकडा मेंदूच्या देठापासून थोडा दूर असेल, तर किरणोपचारांना त्याचा बंदोबस्त करता येतो.

गाठीने मेंदूचं आवरण फाडलं असेल तर भोक बुजवावं लागतं. त्यासाठी मांडीच्या स्नायूंवरचं आवरण, चरबी, आणि वरून नाकाच्या पडद्याची त्वचा तिच्या रक्तवाहिनीसकट फिरवून लावतात. ही पद्धत २००६ च्या सुमारास रूढ झाली आणि मेंदूभोवतीचं पाणी नाकातून गळण्याचं प्रमाण तिनेच खाली आणलं. पोटातून किंवा मांडीतून चरबी घेताना हातमोजे आणि हत्यारं बदललेली असावीत. गाठीत वापरलेल्या हत्यारांनी चरबी काढली तर त्या जागेत कॉर्डोमा रुजल्याची उदाहरणं वैद्यकीय साहित्यात नोंदलेली आहेत.

घरी आल्यावर साधारण सहा आठवडे नाक शिंकरायचं नाही, शिंक तोंड उघडून द्यायची, कुंथायचं नाही, वाकून जड उचलायचं नाही. पोट साफ राहण्याचं औषध चालू ठेवायचं. पुढे वाकल्यावर एका नाकपुडीतून स्वच्छ, पातळ पाणी टपटपलं, किंवा घशात खारट चव आली, तर ती सर्दी समजू नका. तो थेंब बाटलीत धरून बीटा-२ ट्रान्सफेरिन तपासतात; या प्रथिनावरून ते मेंदूभोवतीचं पाणी आहे का हे कळतं. ताप, मान ताठणं आणि उजेड सहन न होणं एकत्र आलं तर सकाळची वाट न बघता रुग्णालय गाठायचं. नाकात खपल्या काही महिने होतात. मिठाच्या पाण्याने धुणं डॉक्टरांनी सांगितल्यावरच सुरू करा, आधी नको.

ग्रे-मीटर

किरणोपचारांचं मी लिहितो. कॉर्डोमा किरणांना दाद देत नाही, हे अर्धसत्य. तो कमी मात्रेला दाद देत नाही. ५० ते ६० ग्रेची (ग्रे म्हणजे किरणांची मात्रा मोजायचं एकक) नेहमीची मात्रा वेदना कमी करते, गाठ थोपवत नाही. लागतात ७० च्या वर, बहुधा ७४ ते ७८ ग्रे. रोज २ ग्रे, आठवड्याचे पाच दिवस. ७४ साठी ३७ फेऱ्या, म्हणजे साडेसात आठवडे.

अडचण शेजाऱ्यांची. मेंदूच्या देठाच्या पृष्ठभागाला साधारण ६० ते ६४, गाभ्याला ५३-५४, दृष्टीच्या तंतूंना ५५ ते ६० च्या पुढे गेलं की धोका चढत जातो. गाठ आणि देठ यांच्यात काही वेळा २ मिलिमीटरही अंतर नसतं. म्हणून नेहमीच्या क्ष-किरणांऐवजी प्रोटॉन कणांचा झोत. प्रोटॉन ठरवलेल्या खोलीवर ऊर्जा टाकून थांबतो, पलीकडे जवळजवळ काहीच जात नाही. भारतात चेन्नईला अपोलोचं केंद्र २०१९ पासून आहे आणि खारघरला टाटा मेमोरियलच्या अ‍ॅक्ट्रेकमध्ये २०२३ पासून. कार्बन आयनचं (प्रोटॉनसारखाच, पण जड कणांचा झोत) केंद्र भारतात नाही. जपानमध्ये चिबा, जर्मनीत हायडेलबर्ग, इटलीत पाविया, ऑस्ट्रियात वीनर नॉयश्टाट इथे आहे. चिबाला त्रिकास्थीच्या कॉर्डोमासाठी १६ फेऱ्यांत काम होतं. तिथला '७०' आणि इथला '७०' मात्र एक नव्हे, जैविक परिणाम मोजायची गणितं वेगळी आहेत. आकडे शेजारी ठेवून तुलना करू नका.

प्रोटॉन परवडत नाही किंवा नंबर लागत नाही, म्हणून काहीच नाही असं करू नये. रोज चित्र घेऊन दिलेली आयएमआरटी (गाठीच्या आकाराप्रमाणे वळवलेले क्ष-किरण) पुरेशा मात्रेत बसत असेल, तर ती कमी मात्रेच्या प्रोटॉनपेक्षा बरी. यंत्राचं नाव दुय्यम आहे. डॉक्टरांना हे तीन प्रश्न विचारा: गाठीच्या किती भागाला किती ग्रे पोचतात, देठाला किंवा चेतारज्जूला किती, आणि कुठे मात्रा कमी पडतेय?

अवांतर वाटेल, पण शस्त्रक्रियेआधीच आमच्याशी बोललं तर बरं. मणक्यात टायटॅनियमचे स्क्रू बसले की सीटीत त्यांचे चट्टे उमटतात, प्रोटॉन कुठे थांबेल याचा अंदाज चुकतो आणि नेमकी गाठीची जागा झाकते. कार्बन फायबरचे स्क्रू मिळत असतील तर ते वापरावेत.

निळी शाई

मग त्रिकास्थीतही शस्त्रक्रिया टाळून थेट किरणच का देत नाहीत?

त्रिकास्थी

प्रश्न बरोबर, उत्तर दोन तोंडांचं. खालच्या भागातली गाठ, तिसऱ्या त्रिकास्थी मणक्याच्या खाली असेल तर अख्खी काढणं हाच पहिला पर्याय. अख्खी म्हणजे कवच न फोडता, भोवती निरोगी ऊतींचा थर ठेवून. बाजूच्या नितंबाच्या आणि त्याखालच्या पिरिफॉर्मिस स्नायूंचा भागही त्यात यायला हवा, कारण गाठ परत उगवते ती बरेचदा याच स्नायूंतून. कवच फुटून गर सांडला तर परत येण्याची शक्यता लगेच वाढते.

वर जाल तसा सौदा महाग होतो. तो मज्जातंतूंचा आहे:

दोन्ही बाजूंचे दुसरे त्रिकास्थी तंतू (एस-२) गेले तर लघवी-शौचाचा ताबा जातोच. दोन्ही एस-२ राखले पण एस-३ दोन्ही गेले तर काहींना ताबा राहतो, अनेकांना नाही. एका बाजूचा एस-३ जरी वाचला तरी निम्म्याहून अधिक जणांचं काम चालतं. चालण्यासाठी लागतात एल-५ (कंबरेचा पाचवा तंतू) आणि एस-१. एस-१ ची पातळी ओलांडावी लागली तर कंबर आणि खुब्याचं हाड सळ्यांनी जोडावं लागतं.

ग्रे-मीटर

इथे माझं मत थोडं वेगळं. एस-१, एस-२ पर्यंत चढलेल्या गाठीत, वय सत्तरीच्या पुढे असेल, तर जास्त मात्रेचे प्रोटॉन किंवा कार्बन एकटे देणं हा तोडीचा पर्याय म्हणून रुग्णापुढे ठेवायला हवा. 'शस्त्रक्रिया जमत नाही म्हणून' असा दुय्यम नव्हे.

त्रिकास्थी

ठेवायला हवा, मान्य. पण किरणांनंतर गाठ क्वचितच नाहीशी होते, ती वाढायची थांबते एवढंच. एमआरआयवर ती वर्षानुवर्षं तेवढीच दिसते, आणि थांबली की नाही हे कळायलाही वेळ लागतो. तिथे पुन्हा शस्त्रक्रिया करायची वेळ आली तर भाजलेल्या ऊतींत जखम भरत नाही. दोन्ही बाजू सांगून माणसाला ठरवू द्यावं. तरुण, धडधाकट रुग्णाला मी अजूनही शस्त्रक्रियाच सांगेन.

सायली बी

त्रिकास्थीच्या शस्त्रक्रियेनंतरच्या काळजीबद्दल कुणी लिहिलं नाही, म्हणून मी.

जखम गुदद्वाराच्या अगदी वर असते आणि आत मोठी पोकळी उरते, त्यामुळे जंतुसंसर्ग ही इथली मुख्य डोकेदुखी. पोकळी भरायला नितंबाचा किंवा पोटाचा स्नायू वळवून आणतात. त्यावर बसायचं कधी हे प्लास्टिक सर्जनला विचारा, तोवर कुशीवर किंवा पालथं. कूस दर दोन तासांनी बदलायची. बैठकीची जागा बधिर असते, दुखत नाही म्हणून जखम कळत नाही. रोज आरसा धरून किंवा घरातल्या माणसाने पाहायचं: दाबून न जाणारा लालसर डाग म्हणजे पलंगव्रणाची सुरुवात.

लघवी: नळी काढल्यावर 'होतेय' एवढ्यावर समाधान मानू नका, थेंब-थेंब गळणं म्हणजे भरलेली लघवीची पिशवी ओसंडणंही असतं. लघवी झाल्यावर सोनोग्राफीने किती उरली ते मोजतात. उरत असेल तर दिवसातून चार ते सहा वेळा स्वच्छ नळी स्वतः घालून रिकामी करायची. एका वेळी ४०० ते ५०० मिलिलिटरच्या वर साठू द्यायची नाही. हात साबणाने धुणं पुरेसं, घरी निर्जंतुक हातमोजे लागत नाहीत. शौचासाठी रोज एकच वेळ ठरवा, खाल्ल्यानंतर अर्ध्या तासाने, गरजेप्रमाणे सपोझिटरी (गुदद्वारात ठेवायची गोळी). इसबगोल घेत असाल तर पाणी भरपूर प्या, नाहीतर तेच अडकतं.

एका पायाची पोटरी अचानक सुजली आणि दुखली तर शिरेत रक्ताची गुठळी असू शकते: मालिश करू नका, त्याच दिवशी डॉपलर (रक्तप्रवाहाची सोनोग्राफी).

भोलानाथ

केमोबद्दल कुणीच बोलत नाही?

काचपट्टी

कारण नेहमीच्या केमोचा कॉर्डोमावर उपयोग होत नाही. अपवाद बिघडून वेगवान झालेला आणि अल्पविकसित प्रकार. शस्त्रक्रिया आणि किरण दोन्ही संपले की गोळ्यांचा विचार होतो. इमॅटिनिबवर सगळ्यात जास्त अभ्यास आहे: गाठ आक्रसणं क्वचित, पण बऱ्याच जणांत ती काही महिने थोपते. मात्रा दिवसाला ८०० मिलिग्रॅम, पाय सुजणं आणि मळमळ ठरलेली. ईजीएफआर (पेशींना वाढीचा संदेश देणारं प्रथिन) रोखणारी अफॅटिनिबसारखी औषधंही वापरली जातात. आयएनआय-१ हरवलेल्या प्रकारात टॅझेमेटोस्टॅटची चाचणी झाली आहे. कोणत्या औषधाचा फायदा झाला हे मोजताना फक्त आकार बघू नका. गाठ तेवढीच राहून आतून निर्जीव झालेली असू शकते.

दुर्बीण

पुढचं लक्ष. पहिली चार-पाच वर्षं दर सहा महिन्यांनी एमआरआय, मग वर्षाला एक, पंधरा वर्षांपर्यंत. 'पाच वर्षं झाली, सुटलो' हा हिशेब इथे चालत नाही, दहाव्या वर्षीही गाठ परत आलेली असते. फुप्फुसांचा सीटी अधूनमधून, कारण दूरवर पसरताना फुप्फुस, हाड, यकृत ही ठिकाणं ठरलेली. जुन्या चिऱ्याजवळ त्वचेखाली खडा लागला तर 'टाक्याची गाठ' म्हणून सोडून देऊ नका.

क्लायव्हसला किरण मिळाले असतील तर पियुषिका (पिट्युटरी) ग्रंथी काही वर्षांनी हळूहळू मंदावते. वर्षातून एकदा सकाळी आठचं कॉर्टिसॉल, फ्री टी-४ (थायरॉइडचं संप्रेरक) आणि लैंगिक संप्रेरकं तपासा. फक्त टीएसएच (थायरॉइडला चालना देणारं संप्रेरक) बघणं फसवं, कारण ते देणारी पियुषिकाच आजारी आहे. टीएसएच 'नॉर्मल' येतं आणि माणूस थकलेलाच राहतो. कॉर्टिसॉल आणि टी-४ दोन्ही कमी निघाली तर आधी कॉर्टिसॉलची गोळी, थायरॉइडची नंतर. उलट क्रमाने दिलं तर रक्तदाब कोसळतो.

भोलानाथ

फाइल घेऊन दुसरीकडे दाखवायला जाताना काय काय न्यायचं?

ग्रे-मीटर

एमआरआय आणि सीटीची सीडी, फिल्म नव्हे. फिल्मवर मोजमाप करता येत नाही. शस्त्रक्रियेआधीची चित्रं सगळ्यात महत्त्वाची, कारण किरण कुठे द्यायचे हे गाठ मूळची कुठवर होती त्यावर ठरतं. लोक नेमकी तीच घरी ठेवून फक्त नवी आणतात. शस्त्रक्रियेची सविस्तर टिपणं, फक्त डिस्चार्ज कार्ड नको. मेणाचे ठोकळे. आणि आधी किरण घेतले असतील तर त्या केंद्राकडून मात्रेची डायकॉम फाइल (वैद्यकीय चित्रांची संगणकीय फाइल). 'इतके ग्रे दिले' असं कागदावर असून भागत नाही, कुठल्या मिलिमीटरला किती गेले हे कळल्याशिवाय दुसऱ्यांदा किरण देण्याचं गणित मांडता येत नाही.